एक फळी कमी

"दादाकडे लाईट गेलीय का गं?"

धाकट्याचा फोन आला तेव्हा मास्तरीण गाडीत होती. स्टिअरिंगला मिठी मारून बसलेले एक साहेब चौकातून वळावं की न वळावं या विचारात पडले होते आणि मागे सगळा चौक हॉर्नवर हात ठेवून उभा होता. शिकवणीच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. मास्तरणीने तो दाबला, साहेबांना गाडी कडेला घ्यायला लावली आणि मग फोनवर म्हणाली, "काय म्हणालास?"

"दादाकडे लाईट गेलीय का, एवढंच."

बावीस वर्षं या बाबाने थोरल्या भावाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. बोलायची वेळ आलीच तर "ते झेरॉक्सवाले" म्हणायचा. आणि आज थेट दादा! तेही लाईटची चौकशी करायला!

"तुला काय करायचंय त्याच्या लाईटशी?"

"सहज विचारलं."

"बावीस वर्षांनी सहज? खरं सांग, नाहीतर फोन ठेवते. इथे माणूस घामाघूम झालाय."

पलीकडे बराच वेळ नुसतं खाकरणं चाललं. मग हळूहळू बाहेर आलं. जुने गेम नव्याने विकायला काढणाऱ्या एका लहानशा कंपनीने धाकट्याला गाठलं होतं. त्याने कॉलेज संपता संपता एकट्याने बनवलेला तो कोंबडीचा गेम त्यांना हवा होता. पण धाकट्याकडे तो होताच कुठे? सीडीला बुरशी आलेली, जुना कॉम्प्युटर घर बदलताना भंगारात गेलेला. शेवटी नेटवर शोधलं, तर साऱ्या जगात एकच जण ती फाईल अजून देत होता. टोपणनाव 'बोका'. निम्म्याच्या वर फाईल उतरली, आणि गेल्या आठवड्यात बोका एकाएकी गायब.

घरात दादाला लहानपणापासून बोका म्हणत. दूध कुणी प्यायलं असं आईने विचारलं की सगळे त्याच्याकडे बघायचे, म्हणून.

"म्हणजे," मास्तरीण म्हणाली, "ज्याने तुझा गेम चोरला म्हणून तू त्याचं तोंड बघत नाहीस, त्याच्याकडूनच तो चोरून घेतोयस?"

"चोरून काय? माझाच आहे तो!"

"मग उजळ माथ्याने जा आणि माग. रविवारी दुपारी जेवायला. मी वहिनीला सांगते."

"ताई, मी तिथे पाऊल ठेवणार नाही."

"बरं. मग बस बोक्याची वाट बघत," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि साहेबांना म्हणाली, "चला, आता वळा. कुणी खात नाही तुम्हाला."

मास्तरीण हसत होती खरी, पण रविवारवर तिची मोठी भिस्त होती. आईवडील गेल्यापासून या दोघांना जोडणारी ती एकटीच उरली होती, आणि तिचीही पन्नाशी उलटली होती. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगून ती थकली होती. रविवारी दोघे एका खोलीत बसले तर बसले. ही संधी गेली तर पुन्हा अशी लाईट काही जायची नव्हती.

*

रविवारी धाकटा आला. दारात उभा राहून त्याने चपला इतक्या सावकाश काढल्या की वहिनीच बाहेर आल्या. "या भाऊजी. केस गेले की सगळे! आत या, उन्हात कशाला उभे?"

वहिनी पहिल्यापासून धाकट्याच्या बाजूच्या. सख्ख्या भावाची मेहनत कुणी अशी फुकट वाटतं का, हे त्या नवऱ्याला दरवर्षी एकदा तरी ऐकवत. धाकट्याला पाणी देतानाच त्यांनी गुपित फोडलं. "लाईटबिईट काही नाही. मीच बंद केला तो कॉम्प्युटरचा डबा. सारखं घरघर, घरघर. म्हटलं, घर आहे की पिठाची गिरणी?"

दादा आतल्या खोलीत होता. बाहेर यायला त्याला बराच वेळ लागला. आला तो नवा शर्ट घालून, आणि शर्टाची घडी अजून मोडली नव्हती. त्याचं झेरॉक्सचं दुकान. तीस-बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या कागदासारखा कागद काढून देण्यात गेलेली. आजही चांगली कॉपी कशी असावी यावर तो तासभर बोलू शकला असता, पण समोर भाऊ बघून त्याला एक शब्द फुटेना.

"ये," तो शेवटी म्हणाला.

"हं," धाकटा म्हणाला.

झालं! बावीस वर्षांचा हिशेब दोन अक्षरांत. मास्तरणीने कपाळाला हात लावला.

"काम कसं चाललंय?" दादाने भिंतीवरच्या घड्याळाला विचारलं.

"बरंय. लिफ्टचे प्रोग्राम लिहितो," धाकट्याने टीपॉयला सांगितलं.

"म्हणजे वरचं बटण दाबलं की वर जाते, ते?"

"हो."

"आणि खालचं दाबलं की?"

"बोक्या!" मास्तरीण ओरडली. "खाली जाते. सगळ्या जगाला माहितेय. कॉम्प्युटर लाव आता."

चिमणी, म्हणजे दादाची मुलगी, या क्षणाचीच वाट बघत होती. ती दंतवैद्य होती. दिवसभर लोकांचे दात कोरायची आणि सुट्टीच्या दिवशी जुने गेम खेळायची, तेही हजारभर अनोळखी लोकांना नेटवर बघायला बसवून. "काका," ती म्हणाली, "तुम्हाला माहितेय का तुमचा गेम किती गाजलेला आहे ते? आमच्यात त्याला पूल म्हणतात. नुसतं 'पूल' म्हटलं की सगळे कपाळावर हात मारतात."

धाकट्याचा चेहरा पडला. मास्तरणीने तो नीट पाहिला आणि तिला वाटलं, जुन्या जखमेवर बोट पडलं.

*

आतल्या खोलीत दादाचा तो डबा होता. शेजारी चार जुन्या हार्डडिस्क, वर गुंडाळलेल्या वायरी, आणि धूळ एक कणही नाही. वहिनींनी भिंतीवरचं बटण दाबलं. घरघर सुरू झाली.

"आपण उतरवलं की दुसऱ्यालाही द्यायचं," दादा मास्तरणीला समजावत होता, पण ऐकवत होता धाकट्याला. "तिथला रिवाजच आहे. घेऊन पळणाऱ्याला कुणी उभं करत नाही. पण बाकीचे एक एक करून गेले. कुणाचा कॉम्प्युटर मेला, कुणाला कंटाळा आला. मी बंद केला असता तर गेम संपला असता."

"गेम आहे होय तो?" वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, नुसतीच कोंबडी."

स्क्रीनवर कोंबडी आली. जाडजूड, डोक्यावर तुरा वाकडा. जंगलातून हिंडून लाकडाच्या फळ्या गोळा करायच्या, एक एक फळी दरीवर टाकायची आणि पलीकडे जायचं. आजच्या मानाने चित्रं ओबडधोबड होती, पण कोंबडी पाय आपटत अशी ठसक्यात चालायची की मास्तरणीला हसू फुटलं. बघता बघता धाकटाही स्टूल ओढून पुढे सरकला.

"पेनड्राइव्ह आणलाय," तो म्हणाला. "फाईल तेवढी दे, मी निघतो."

"जेवल्याशिवाय?" वहिनी.

"घाई आहे."

दादाने पेनड्राइव्ह घेतला, पण लावला नाही. हातात फिरवत बसला. दाढी खाजवली, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मास्तरणीला हे सगळं पाठ होतं. लहानपणी काच फोडून आला की आईसमोर तो अगदी असाच करायचा.

"देतो," तो म्हणाला. "पण आधी एक सांगायचंय. ही कॉपी खराब आहे."

धाकटा स्टुलावर मागे सरकला.

"पुलाला चाळीस फळ्या लागतात. मिळतात एकोणचाळीस. शेवटची फळी नाहीच. मी सगळं जंगल पालथं घातलंय, एक झाड सोडलं नाही. आधी वाटलं, मीच ढ. मग लोकांच्या तक्रारी यायला लागल्या. कुणालाच पलीकडे जाता येईना." तो हातातल्या पेनड्राइव्हशी बोलत होता. "तू मला सीडी दिलीस ती चांगलीच असणार. तू काम कच्चं करत नाहीस. कॉपी करताना माझ्याकडूनच काहीतरी बिघडलं. आणि तीच बिघडलेली कॉपी मी गावभर वाटली. लोक म्हणाले, गेम अर्धवट आहे, पैसे टाकू नका. मला वाटलं होतं, चार लोक खेळतील, तुझं नाव होईल. झालं भलतंच. जन्मभर कॉप्या काढल्या मी, एकाने कधी कागद परत आणला नाही. आणि घरच्या माणसाची कॉपी मात्र..." तो थांबला. "न विचारता वाटला, ते चुकलं. आणि बिघडवून वाटला, ते जास्त चुकलं. माफ कर."

वहिनींनी पदराने डोळे टिपले. हा माणूस माफी मागतो हेच त्या पहिल्यांदा बघत होत्या.

मास्तरीण एक पाऊल पुढे सरकली. हेच तर तिला हवं होतं. आता धाकट्याने नुसतं "असू दे" म्हटलं की गंगेत घोडं न्हालं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते. रागाने कान लाल होणारा हा नव्हेच. हा लाजला की याचे कान लाल होतात. पण लाजायचं कशाला याने?

"बाबा त्यावर उत्तरंही लिहितात, काका," चिमणी म्हणाली. "गेमखाली कुणी शिवी घातली की लगेच. इतकी वर्षं, प्रत्येकाला, एकच वाक्य."

"काय लिहितो?" धाकट्याने वर न बघता विचारलं.

"चूक कॉपीची आहे, गेमची नाही."

धाकटा उठला. खिडकीपाशी गेला, तिथून परत येऊन स्टुलावर बसला. पेनड्राइव्ह दादाच्या हातात होता. घ्यायचा, खिशात टाकायचा, बरं म्हणायचं आणि निघायचं, की कुणाला जन्मात काही कळणार नव्हतं. मास्तरणीला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं की तो दोनदा तोंड उघडून मिटतोय.

"कॉपी चांगली आहे," तो म्हणाला.

"काय?"

"कॉपी उत्तम आहे, दादा. तू काही बिघडवलं नाहीस. मी तुला दिली त्या सीडीतच एकोणचाळीस होत्या. तपासायला बाकीच्यांना दिल्या त्यांत चाळीस. फक्त तुझ्यात एक कमी."

"का?"

"कारण मला माहीत होतं की तू वाटणार. तुला सांगितलं होतं, तपासून बघ, कुणाला देऊ नकोस. पण तू बोका. म्हटलं, पुलाची ओरड कुठून आली की कळेल, गेम कुणी फोडला ते. ओरड आली. आठवड्यात. मी जिंकलो." तो हसला, पण ते काही हसणं नव्हतं. "तोपर्यंत तीच कॉपी सगळीकडे पोचलेली. अर्धवट म्हणून नाव गेलं ते गेलंच. फुकट वाटल्याने नाही बुडाला माझा गेम. फुकट खेळलेले निम्मे लोक नंतर विकतही घेतात. मी लावलेल्या सापळ्यात मीच अडकलो, आणि बिल तुझ्या नावावर फाडलं."

"मग बोलला का नाहीस?" मास्तरीण ओरडली. "मी वेडी, इकडून तिकडे निरोप पोचवत राहिले!"

"आधी राग होता. मग लाज वाटायला लागली. मग इतकी वर्षं झाली की कुठल्या तोंडाने बोलणार?"

आता मात्र वहिनींनी पदर खोचला. इतकी वर्षं धाकट्याच्या बाजूने उभी असलेली बाई एका क्षणात पलीकडे गेली. "वा, भाऊजी, वा! माझा नवरा रोज रात्री त्या कोंबडीला घेऊन झाडं हलवत बसायचा, आणि तुम्ही मजा बघत होता? या माणसाला मी किती बोलणी ऐकवली! त्यांची भरपाई कोण करणार?"

"आई, थांब ना," चिमणी म्हणाली, पण तिलाही हसू आवरत नव्हतं. "म्हणजे जगात कुणालाच मिळणार नव्हती ती फळी? अहो, लोक घुबडाच्या घरट्यात शोधतात! एकाने तर विहिरीवर अर्ध्या तासाचा व्हिडिओ केलाय!"

"विहिरीत काही नाही," धाकटा म्हणाला. "मला विहिरीत पाणीसुद्धा नीट काढता आलं नव्हतं."

मास्तरीण दादाकडे बघत होती. तो चिडणार, नक्की चिडणार. पाय आपटेल, दार आपटेल, आणि आपण पुन्हा जिथे होतो तिथेच. दादाचा चेहरा हळूहळू तांबडा झाला. त्याने चष्मा काढला.

"म्हणजे," तो म्हणाला, "मी ढ नाही?"

"नाहीस."

"आणि माझी कॉपी?"

"एक नंबर. जशीच्या तशी. माझ्या चुकीसकट."

"ऐकलंस?" दादा बायकोकडे वळला. "एक नंबर म्हणतोय!" आणि मग एकदम भावाकडे बोट रोखून, "नालायका! बावीस वर्षं!" त्याने धाकट्याच्या पाठीत असा धपाटा घातला की स्टूल करकरलं. धाकटा कळवळला, आणि तोही पाठ चोळत हसायला लागला. दोघांना एकदम हसताना मास्तरणीने शेवटचं कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना. तिला रडू आलं ते तिने सरळ येऊ दिलं.

"बस इथे," दादा म्हणाला. "घाल फळी."

*

घालायला फारसं काही नव्हतं. धाकट्याने फाईल उघडली, आकड्यांच्या रांगाच रांगा खाली सरकवल्या आणि एका ठिकाणी थांबला. लहानपणीच्या घराचं दार सापडावं तसा न चुकता थांबला. एक आकडा बदलला. मग खुर्चीतून उठून म्हणाला, "जा पलीकडे."

दादा बसला. फळ्या कुठे कुठे आहेत ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. वहिनी दोनदा जेवायला बोलावून गेल्या, तिसऱ्यांदा त्याही येऊन उभ्या राहिल्या. चाळिसावी फळी कुंपणापाशी, अगदी सुरुवातीलाच, कोंबडीच्या खुराड्याला टेकवून ठेवली होती. दादाने त्या खुराड्यासमोरून हजार वेळा कोंबडी नेली असेल. फळी उचलताना त्याने मोठा श्वास घेतला.

कोंबडी पुलावरून पाय आपटत गेली. पलीकडे एक लहानसं शेत होतं. तिथे दोन कोंबड्या दाणे टिपत होत्या. त्यांनी मान वर करून हिच्याकडे पाहिलं, थोडं सरकून जागा केली, आणि तिघी मिळून दाणे टिपू लागल्या. एवढ्यावर गेम संपला.

"एवढंच?" दादा म्हणाला.

"एवढंच."

"अरे, यासाठी मी..." त्याने वाक्य सोडून दिलं. शेताकडे बघत राहिला. मग तिघींवर बोट ठेवून म्हणाला, "ही मधली मास्तरीण दिसतेय. सारखी दोघींच्या मध्ये मध्ये करतेय."

"तेव्हा कुठे मी तुमच्या मध्ये पडत होते?" मास्तरीण नाक पुसत म्हणाली, आणि धाकट्याचे कान लाल झाले त्यावरून तिला कळलं की तीच आहे.

दादाचा हात मात्र तेवढ्यात आपल्या वाटेने निघाला होता. सवयच ती. नवी फाईल, जुन्या फाईलची जागा, एक बटण दाबलं की सगळ्या जगाला वाटप सुरू. बाण बटणावर जाऊन टेकला.

"बाबा!" चिमणी ओरडली.

"अहो!" वहिनी ओरडल्या.

मास्तरणीचा उजवा पाय फरशीवर करकचून दाबला गेला, जणू तिथे तिचा ब्रेक होता. धाकटा नुसता भावाच्या हाताकडे बघत होता.

दादाने हात उचलला आणि मांडीवर ठेवला. खुर्ची फिरवून तो धाकट्यासमोर झाला.

"विचारतोय," तो म्हणाला. "टाकू का?"

"नको."

"बरं."

बस्स. त्याने पेनड्राइव्ह लावला, नवी फाईल त्यात भरली, तो भावाच्या तळहातावर ठेवला आणि कॉम्प्युटरवरची नवी फाईल पुसून टाकली. मास्तरणीने फरशीवरून पाय उचलला. पोटरीत गोळा आला होता.

"आता तरी बंद करू ना हा डबा?" वहिनींनी बटणाकडे हात नेला.

"राहू दे, वहिनी," धाकटा म्हणाला. "जुनी फाईल चालू ठेव, दादा. एकोणचाळीसवाली. अडकू दे लोकांना पुलावर. पलीकडे जायचं असेल त्याने विकत घ्यावा."

दादा बघतच राहिला. मग त्याच्या मिशीतून हसू फुटलं. "बोका मला म्हणतात होय रे? पण लोक शिव्या घालतील त्यांना काय लिहू?"

"लिहितोस तेच," धाकटा म्हणाला. "आता तर खरंच आहे ते."

आणि ताटं वाढली होती म्हणून सगळे उठले. दादाने जाता जाता आपला नवा शर्ट खाली ओढला, धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला आणि दारातून दोघे एकदम जायला गेले ते अडकलेच.